साहेब, तेल कोणतं घालू?

माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे येतात, की त्यांचं उत्तर देण्याची त्याची तयारी कधीच झालेली नसते. "मुलगी पसंत आहे ना?" हा त्यातला पहिला. "कर्ज किती वर्षांत फेडणार?" हा दुसरा. हा दुसरा प्रश्न मी स्वतःच बँकेत रोज टेबलापलीकडच्या माणसाला विचारत असल्यामुळे त्याचं खरं उत्तर कुणालाच येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी या मालिकेत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली. मोटारीच्या सर्व्हिसिंगचं विचारायला मी गेलो होतो. गळ्यात टाय आणि हातात पॅड घेतलेला एक चुणचुणीत पोरगा पुढं आला आणि म्हणाला,

"साहेब, तेल कोणतं घालू? मिनरल की सिंथेटिक?"

आता तेलाच्या बाबतीत माझं शिक्षण अगदी घरगुती. डोक्याला खोबरेल, भाजीला शेंगदाण्याचं, पोट बिघडलं की एरंडेल, आणि शनिवारी मारुतीला जे परवडेल ते. मारुतीच्या देवळात पुजाऱ्यानं "मिनरल की सिंथेटिक?" असं आजवर कधी विचारलेलं नाही. त्यातून आमची आई म्हणायची, शनिवारी तेल विकत घेऊ नये. बँकेला सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. म्हणजे नोकरदार माणसानं शनीचा कोप पत्करल्याशिवाय मोटार पाळूच नये, अशी ही एकूण व्यवस्था.

"पण सर्व्हिस तर मोफत आहे ना?" मी मूळ मुद्द्यालाच हात घातला.

"मजुरी मोफत, साहेब. तेल आणि फिल्टरचे पैसे पडतील."

म्हणजे जेवण मोफत, फक्त ताटात जे वाढलं त्याचे पैसे. मी बँकेतला माणूस. "विनामूल्य" या शब्दाखाली बारीक टाइपात काय काय लपवता येतं हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी त्यांच्याकडे नंबर लागण्यासारखा नव्हता. "चौथ्या शनिवारी गाडी आणा, तोवर तेल कोणतं ते ठरवून ठेवा," असं सांगून पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि मी पंधरा दिवसांच्या मुदतीचं हे धर्मसंकट घेऊन घरी आलो.

ही गाडी आमच्या सात पिढ्यांतली पहिली नवी मोटार. तिला वर्ष झालं, पण आमच्याकडे वस्तू निदान दहा वर्षं तरी नवीच असते. सीटांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, आणि उन्हाळ्यात ते पाठीला चिकटतं म्हणून कुणी तक्रार केली तर ती गाडीवरची निष्ठा कमी असल्याचं लक्षण मानलं जातं. पैसे बँकेचेच. कर्ज काढून तूप पिणाऱ्या चार्वाकाला लोक नावं ठेवतात. मी कर्ज काढून तेल पिणारी घेतली, एवढाच फरक.

पहिला विचार मी अर्थातच वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभेल असा केला. कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली. इंजिनात तेल मावतं साडेतीन लिटर. मी विचारलेल्या दुकानात मिनरलचा भाव लिटरला ३५० रुपये, सिंथेटिकचा ७००. म्हणजे एक १,२२५ आणि दुसरं २,४५०. आता आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीचा हिशेब असा, की मिनरल पाच हजार किलोमीटरला बदलायचं, सिंथेटिक दहा हजारांना. भागाकार केला तर दोन्हींचा खर्च किलोमीटरला साडेचोवीस पैसे. पैशाचाही फरक नाही! ताळेबंद इतका चोख जुळला की मला संशय आला. आमच्या व्यवसायात ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळला तर चूक हमखास असते.

चूक होतीच. माझी गाडी वर्षाला धावते चार हजार किलोमीटर. आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं आहे, की तेल दहा हजार किलोमीटरला किंवा एक वर्षानं, जे आधी येईल तेव्हा बदलावं. तेव्हा दोन्ही तेलं माझ्याकडे वर्षभरच टिकणार. सिंथेटिकला वर्षाकाठी १,२२५ रुपये जास्त. दिवसाला तीन रुपये छत्तीस पैसे. एका अर्ध्या कटिंगचासुद्धा हा हिशेब नव्हे.

त्याच पुस्तिकेत पुढं "खडतर परिस्थितीत वापर" असा एक परिच्छेद आहे. अशा वापरात तेल लवकर बदलावं म्हणे. मला वाटलं, खडतर म्हणजे वाळवंट, हिमालय, युद्धभूमी वगैरे. वाचतो तो काय! थोड्या अंतराच्या वारंवार फेऱ्या, धूळ, थांबत थांबत चालणारी वाहतूक, चढउतार. घरापासून बँक दोन किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत मी पोचतो, त्यामुळे आतला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून न जाता तेलातच मुरत राहतो. साताऱ्यात धूळ किती आणि चढ किती हे मी सांगायला नको. म्हणजे बँकेत जाऊन येणं आणि वाटेत भाजी घेणं, हे जे मी साधं आयुष्य समजत होतो, ते मोटार बनवणाऱ्यांच्या लेखी खडतर आहे. ते वाक्य मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. "हे मी वीस वर्षं सांगतेय," एवढंच ती म्हणाली.

मग मी तज्ज्ञांकडे वळलो. आमच्या शाखेतल्या कॅशियर अण्णांचं मत असं, की नव्या गाडीला आधी साधं तेल द्यावं, म्हणजे भाग एकमेकांवर घासून नीट बसतात. सिंथेटिक फार गुळगुळीत, त्यात भाग बसतच नाहीत. नव्या सुनेचे पहिल्या वर्षी लाड करू नयेत, या चालीवरचं हे मत होतं. मी ते शेजारच्या काकांपुढे ठेवलं. काका निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर आहेत. निवृत्त इंजिनियरला प्रश्न विचारणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणं. पण माझा इलाज नव्हता.

"साफ चूक!" काका म्हणाले. "अमेरिकेत १९९२ पासून कॉर्व्हेट गाडी कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून बाहेर पडते. तिचे भाग बसले नाहीत असं कुणी म्हणतं का?"

कॉर्व्हेटचे भाग कसे बसले याची चौकशी करण्याइतकी माझी कॉर्व्हेटवाल्यांत ऊठबस नाही. मी मान डोलावली. पुढचे दोन तास काकांनी मला जे सांगितलं, त्याचा सारांश असा.

जमिनीतून निघालेलं कच्चं तेल शुद्ध करून जे वंगण मिळतं ते मिनरल. त्यातले रेणू लहानमोठे, आडवेतिडवे, सर्व तऱ्हेचे. म्हणजे आपल्याकडच्या लग्नाची वरात. हलके असतात ते तापल्यावर उडून जातात, जड असतात ते थंडीत गोठून बसतात. सिंथेटिक म्हणजे प्रयोगशाळेत एकेक रेणू जोडून, एका मापाचे बेतून घडवलेलं. म्हणजे परीक्षा घेऊन भरलेली बँक. ते थंडीत पातळ राहतं, उष्णतेत टिकतं, लवकर जळत नाही. डब्यावर जे "५ डब्ल्यू ३०" लिहितात त्यातला डब्ल्यू वजनाचा नव्हे, हिवाळ्याचा. पहिला आकडा थंड तेल कसं वाहतं ते सांगतो, आणि दुसरा शंभर अंशांना तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो ते. आणि तेल काळं पडलं की बिघडलं असं नव्हे. इंजिनातली घाण सोडवून आपल्या पोटात धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. वर्षभर पिवळंधमक राहिलेलं तेल काम चुकवत असलं पाहिजे.

"आणि खरी गंमत पुढंच आहे," काका म्हणाले. "सिंथेटिकसुद्धा सगळं सिंथेटिक नसतं!"

झालं असं, की कॅस्ट्रॉल कंपनीनं अमेरिकेत आपल्या सिंथेटिक तेलात रेणू जोडून केलेल्या द्रव्याऐवजी कच्च्या तेलापासूनच काढलेलं, पण हायड्रोजनच्या प्रक्रियेनं रेणूच बदलून टाकलेलं तेल वापरायला सुरुवात केली. मोबिल कंपनीनं हरकत घेतली : हे सिंथेटिक नव्हेच! जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या एका मंडळापुढं हे भांडण गेलं. १९९९ साली निकाल लागला कॅस्ट्रॉलच्या बाजूनं. तेलात एवढा मूलभूत बदल झालेला आहे आणि ते काम त्याच तोलाचं करतं, तेव्हा त्याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून बाजारातल्या पुष्कळशा "सिंथेटिक" डब्यांत हे असलं, कच्च्या तेलाच्या कुळातलं पण संस्कार केलेलं तेल असतं.

"हायड्रोजन घालून केलेलं?" चहा घेऊन आलेली ही मध्येच म्हणाली. "म्हणजे डालडाच की!"

काकांनी डोळे मिटून घेतले. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्या वाक्यात किती चुका होत्या ते मोजत असावेत. पण ही ठाम होती. कृत्रिम ते वाईट. कृत्रिम रेशीम, कृत्रिम दात, कृत्रिम हसणं, काही म्हणजे काही चांगलं नाही. "आणि एवढं सगळ्या गावाला विचारताय," जाता जाता ती म्हणाली, "तर दादांना का नाही विचारत? तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलीत त्यांनी."

मी काकांना चहात साखर कमी आहे का ते विचारलं.

त्याच रात्री मुलगी संस्कृतचा अभ्यास करत बसली होती. नववीत आहे. म्हणाली, "बाबा, ऐका गंमत. 'स्नेह' म्हणजे प्रेम, आणि 'स्नेह' म्हणजेच तेल!"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. संक्रांतीला तिळगुळाच्या वेळी कुणीतरी हे सांगतंच. ज्याच्या बोलण्यात ओलावा नाही त्याला आपण रुक्ष म्हणतो. म्हणजे तेल न लावलेला. पण त्या पंधरवड्यात ते वाक्य भलत्या ठिकाणी जाऊन लागलं. मिनरल की सिंथेटिक, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना विचारला असता तर तो असा ऐकू आला असता : साहेब, स्नेह कोणता घालू? आपोआप आलेला, की बनवलेला?

कृत्रिम स्नेहाचा मी तसा जुना व्यापारी आहे. बारा-एक वर्षांपूर्वी बँकेनं आम्हाला ग्राहकसेवेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथल्या बाईंनी आम्हा पस्तीस कारकुनांना ओळीनं उभं करून हसायला शिकवलं. ओठ किती फाकवायचे, मान किती झुकवायची, खातेदाराचं नाव बोलण्यात दोनदा कसं आणायचं. माझा चेहरा जन्मतःच "लंच टाइम झालाय" असा. पण शाखेत परत आल्यावर वरिष्ठांच्या धाकानं मी हसू लागलो. वहीत पेन्सिलीनं नोंदी ठेवल्या. पेन्शनवाल्या अमक्या आजी : नातू पुण्यात, गुडघा डावा. तमके आजोबा : मोतीबिंदू, दिवाळीनंतर. महिन्याच्या एक तारखेला वही बघून मी विचारायचो, "काय आजी, डावा गुडघा काय म्हणतो?" आजी विरघळायच्या. संध्याकाळी मला अपराध्यासारखं व्हायचं. डावा की उजवा हे मला वहीनं सांगितलं होतं, मनानं नव्हे.

ही बोच मी एकदा आमच्या एका खातेदारापाशी बोलून दाखवली. ते तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. पासबुकाचं मशीन बंद असलं की ते काउंटरला टेकून तत्त्वज्ञान सांगतात, त्यामुळे तत्त्वज्ञानाचा माझा अभ्यास बराच झाला आहे. ते म्हणाले, कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७८५ साली हाच प्रश्न घेतला होता. गिऱ्हाइकाला न फसवणारा एक दुकानदार. न फसवण्यात धंद्याचा फायदा आहे म्हणून तो प्रामाणिक राहतो. त्याचं वागणं बरोबर, पण त्यात नैतिक मोल नाही.

"म्हणजे आमची बँक!" मी म्हणालो.

"थांबा. पुढं ऐका. दुसरा एक माणूस आहे, स्वभावतःच प्रेमळ. दुसऱ्याचं भलं करण्यात त्याला आनंद वाटतो म्हणून करतो. कांट म्हणतो, यातही खरं नैतिक मोल नाही. आणि तिसरा आहे, ज्याचं मन आटलंय, कुणाबद्दल काही वाटत नाही. तरीही केलं पाहिजे म्हणून तो ओढून आणून मदत करतो. कांट मोल देतो ते या तिसऱ्याला."

थोडक्यात, कांटचं मत सिंथेटिकला. आणि त्याच्याही दोन हजार वर्षं आधी ऍरिस्टॉटल सांगून गेला, की चांगुलपणा हा जन्मजात नसून सवयीनं अंगी येतो. धैर्याची कामं करून माणूस धीट होतो. म्हणजे हसता हसता मी एक दिवस हसरा होणार. तेवढ्यात पासबुकाचं मशीन सुरू झालं आणि ऍरिस्टॉटल अर्धाच राहिला. पण एक खरं. गेल्या एक-दोन वर्षांत त्या वहीची मला गरज पडत नाही. डावा गुडघावाल्या आजी मागच्या हिवाळ्यात दोन महिने आल्या नाहीत, तर तिसऱ्या महिन्यात मी त्यांच्या घरी जाऊन आलो. कुणी सांगितलं नव्हतं. हे तेल बनावट होतं की अस्सल, ते मला सांगता यायचं नाही.

आता त्या दादाबद्दल सांगतो. किती वेळ टाळणार?

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. कराडला राहतो. माझं बी.कॉम. त्याच्या पगारावर झालं. आमचा स्नेह अगदी जमिनीतून निघालेला, त्याची चौकशी करायची कधी वेळच आली नाही. मध्ये आई होती. दोन सुना, दोन मुलगे, नातवंडं, सगळ्यांची घाण ती पोटात धरून ठेवायची आणि यंत्र चालू राहायचं. शेवटची चार वर्षं ती अंथरुणाला होती, दादाकडे. मी महिन्यातून एकदा जायचो, सफरचंदं घेऊन.

आई गेली आणि वर्षभरात दादाच्या मुलीचं लग्न निघालं. आईच्या दोन्ही पाटल्या दादानं मुलीच्या हातात घातल्या. मला ते मांडवात कळलं. पाटल्यांचं मला काही नव्हतं. नाही म्हणजे, नव्हतंच असं आज वाटतं. पण मी पडलो बँकेतला. रात्री पंगती उठल्यावर मी म्हणालो, "दादा, निदान एक नोंद तरी ठेवायला हवी होती."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चार वर्षं आईचं केलं, त्याचं व्हाउचर कुठं ठेवलंयस?"

या गोष्टीला तीन वर्षं झाली. भांडण असं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी दादाचं फूल येतं, मी त्याला हात जोडतो. दिवाळीला माझा दिवा जातो, त्याचा आकाशकंदील येतो. पण गेल्या तीन वर्षांत मी दादाला फोन केलेला नाही. सातारा ते कराड पन्नास किलोमीटर. रोज वाटायचं, आतून उमाळा येईल त्या दिवशी जाऊ. उगाच ओढूनताणून कशाला जायचं? ते खोटं होईल.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मी मघाशी मुद्दाम गाळली. इंजिनाची झीज भर रस्त्यात, ताशी ऐंशीच्या वेगात तेवढी होत नाही. ती होते सकाळी, थंड इंजिन सुरू करताना. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली ओघळून तळाशी जमतं, आणि किल्ली फिरवल्यावर ते पुन्हा वर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडं घासतं. तेल जितकं लवकर वाहील तितकी झीज कमी. सिंथेटिकचा मोठा फायदा तो हाच. आता साताऱ्याच्या थंडीत मिनरलही काही गोठून बसत नाही, हे काकांनीच कबूल केलं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला काकांचं इंजिन आठवत नव्हतं. तीन वर्षं उभी असलेली गाडी आठवत होती. तिच्यातलं अस्सल तेल अस्सलच होतं. फक्त ते सगळं खाली जाऊन बसलं होतं. आणि ते आपोआप वर येईल म्हणून मी किल्लीला हात न लावता वाट बघत होतो.

चौथ्या शनिवारी मी गाडी नेली आणि सिंथेटिक घालून घेतलं. शनिवारी तेल घेतल्याबद्दल आईची मनातल्या मनात माफी मागितली. आणि रविवारी सकाळी हिला म्हणालो, "कराडला जाऊन येऊ. दादाला विचारायचं आहे, तेल कोणतं घालू."

हिनं माझ्याकडे पाहिलं. "ते काल घातलंत ना?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही. साडी बदल."

वाटेत मी बोलायचे विषय मनात मांडून घेतले. हो, वहीसारखे. एक, तेल. दोन, जावयाची नोकरी. तीन, दादाचा रक्तदाब. पाटल्या नाहीत. तासवड्याचा टोलनाका गेला तशी हातांना घाम सुटला. दारात वहिनी. "अगबाई!" एवढंच म्हणाल्या आणि आत वळल्या. दादा बनियनवर बाहेर आला. केस सगळे पिकलेत. फुलांच्या चित्रांवरून हे कळलं नव्हतं.

मी म्हणालो, "दादा, गाडी दाखवायला आणलीय. तेल बदलायचं आहे. मिनरल घालू की सिंथेटिक, म्हटलं तुला विचारावं."

घशातून आवाज निघाला तो ग्राहकसेवेतला. दोन दिवसांच्या प्रशिक्षणातला. माझा मलाच ऐकू आला.

दादा काही बोलला नाही. ड्रायव्हरच्या जागेवर बसला, बॉनेटचा खटका ओढला, बाहेर येऊन बॉनेट उघडून ठेवलं. मग म्हणाला, "पाच मिनिटं थांब. गाडी चालून आलीय. तेल खाली बसू दे, मग पातळी बघू."

ती पाच मिनिटं आम्ही दोघं उघड्या बॉनेटपाशी उभे होतो. इतक्या जवळ तीन वर्षांत उभे राहिलो नव्हतो. इंजिनाकडे बघायची सोय असल्यामुळे एकमेकांकडे बघायची गरज पडली नाही. मोटार ही वस्तू पुरुषांच्या किती उपयोगाची आहे हे तेव्हा मला कळलं.

मग दादानं धोतराच्या जुन्या फडक्यानं कांडी पुसली, आत घातली, पुन्हा काढली आणि उन्हात धरली. तेल मधासारखं, पारदर्शक. एक थेंब दोन बोटांत घेऊन त्यानं चोळला, वास घेतला. तीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस; ते तेल काल भरलंय हे त्याला न कळायला तो काही बँकेत नव्हता. मी श्वास रोखून उभा.

दादानं कांडी जागेवर बसवली. म्हणाला, "कोणतंही घाल. पुस्तकात जो नंबर लिहिलाय तो बघ आणि वेळच्या वेळी बदल. न बदललेलं भारीतलं तेल काही कामाचं नाही." बोटं पुसत थोडा थांबला. "आणि सकाळी सुरू केल्या केल्या रेस करू नको. अर्धं मिनिट थांबत जा."

"बरं," मी म्हणालो.

वहिनींनी पोहे केले होते. जेवूनच जा म्हणाल्या, तेव्हा जेवलो. भाचीचा फोन आला, तो माझ्या हातात दिला. आईच्या खोलीत पलंग तसाच आहे. पाटल्यांचं कुणी बोललं नाही. व्हाउचरचंही नाही. निघताना दादा खिडकीपाशी वाकून म्हणाला, "तेलाची पातळी महिन्यातून एकदा बघावी लागते. आणत जा गाडी."

पातळी बघायला कांडी आणि फडकं लागतं, कराड लागत नाही. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

उंब्रजच्या पुढं आलो तेव्हा ही एकदम हसायला लागली. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात सर्व्हिसवाल्यांनी एक चिठ्ठी डकवली होती. तेल बदलल्याची तारीख : काल. तेलाचा प्रकार : सिंथेटिक. अक्षरं चांगली ठळक. दादा त्याच जागेवर बसला होता, आणि त्याला लांबचं बिनचष्म्याचं दिसतं.

चिठ्ठी मी काढलेली नाही. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जायचं आहे. टायरात हवा किती ठेवायची, हे मी अजून दादाला विचारलेलं नाही.